वारुळाच्या गावी अडवलेले पाणी

जुन्नर तालुक्यात नारायणगावला लागून, मीना नदीच्या काठी वारूळवाडी हे गाव आहे. नाशिककडे जाणाऱ्या प्रवाशाला दोन गावांची शीव कुठे येते आणि कुठे सरते हे सांगता येणार नाही. टोमॅटोचा बाजार, तमाशाच्या फडांच्या राहुट्या आणि खोडदच्या माळावरील ३० प्रचंड अँटेनांची रेडिओ दुर्बीण यांमुळे नारायणगावचे नाव दूरवर गेले. वारूळवाडीचे नाव मात्र बहुधा दुकानांच्या पाट्यांवरच वाचायला मिळते. तरीही या लेखाच्या विषयाला हेच गाव योग्य, कारण त्याच्या नावात वारूळ आहे आणि त्याच्या चहूबाजूंना मातीने अडवलेले पाणी आहे.

या पाण्याचा पसारा आधी ध्यानी घ्यायला हवा. गावाच्या वरच्या अंगाला मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, उत्तरेकडे पिंपळगाव जोगे, दक्षिणेला आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत. त्यांचे पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत जाते. डिंभ्याच्या जलाशयाखाली मूळ आंबेगाव बुडाले. आज आंबेगाव हे तालुक्याचे नाव आहे आणि कचेरी घोडेगावला. नद्यांच्या पात्रांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना ढापे बसवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून ठेवायचे, हा येथील वार्षिक संस्कारच म्हणावा. ढापे वेळेवर काढले नाहीत तर पूर बाजूची जमीन कापून नवी वाट काढतो, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पाणी अडवण्याइतकेच सोडण्याचे शास्त्र या खोऱ्याला फार पूर्वीपासून अवगत आहे.

किती पूर्वीपासून, याची साक्ष जुन्नरच्या लेण्यांत मिळते. मानमोडीच्या डोंगरातील एका शिलालेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, पुण्यार्थ दिल्याची नोंद आहे. वर्ष ४६ असे कोरलेले आहे. लेण्याद्रीला कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या टाक्याचा लेख आहे. त्यात त्याचे नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आणि धंदाही आहे. नाणेघाटातून माल चढवणारे व्यापारी, त्यांच्या शेजारी हा सोनार, आणि त्याने आपल्या नावाने कोरून ठेवलेले पाणी. जुन्नरला गेलेल्या आपल्या वाचकांनी ही टाकी पाहिली असतील; लेख वाचायला थांबतो तो विरळा. मला त्यातील दानापेक्षा नावाचे अप्रूप अधिक वाटते. हे पाणी कोणाचे, असा प्रश्न दोन हजार वर्षांनीही कोणी विचारला तर खडक उत्तर देतो.

आता आजच्या पाण्याकडे वळू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुणे, चिंचवड, मुंबई येथील आपल्या अनेक कुटुंबांनी जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात शेतजमिनी घेतल्या. काहींची मूळ गावेच इकडची, काहींना द्राक्ष-डाळिंबाची हौस, काहींना फक्त रविवारचा मोकळा श्वास हवा. २०१८ साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला आणि शेतघरांची ओढ आणखी वाढली. शेतघराला पाणी हवे. पिण्याला आणि झाडांना तर हवेच, पण डोळ्यांनाही हवे. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याने हा तिसरा हेतू साधत नाही. ते चौकोनी, काळे, कुंपणातले पाणी. मग एखादा ओढा शोधला जातो, त्याला आडवा मातीचा भराव घातला जातो, आणि पहिल्या पावसात तळे तयार होते. त्याच्या काठी छत्री, झोपाळा, दोन वल्ह्यांची होडी. पाहुण्यांना हे दाखवताना घरधन्याचा चेहरा किती खुलतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्या आनंदाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

अशाच एका तळ्यावर अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी जाण्याचा योग आला. वारूळवाडीपासून थोड्या अंतरावर आमच्या आप्तांची जमीन आहे. सोबत जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता स्नेही होते. कुकडीच्या कालव्यांवर त्यांचे निम्मे आयुष्य गेलेले. आप्तांनी त्यांना बोलावले होते ते तळे आणखी पाच फुटांनी वाढवता येईल का, हे विचारायला.

साहेबांनी गाडीतून उतरल्यावर तळ्याकडे पाहिलेच नाही. ते भरावाच्या खालच्या अंगाने ओढ्यात उतरले आणि पाण्याच्या वाटेने चालू लागले. आम्ही वर उभे. दहा मिनिटांनी परतले तेव्हा त्यांनी मोजून आणले होते: मजुरांच्या ४ खोल्या, पंपाची एक कोठी, शेजाऱ्याचे मांडव घातलेले टोमॅटो, आणि ओढा ओलांडून शाळेकडे जाणारी पायवाट. ‘‘शेठ, धरण बघायला आलं की आधी खाली जायचं असतं. वरून सगळी धरणं सुंदरच दिसतात,’’ ते म्हणाले.

मग ते माथ्यावर आले. भरावाची उंची २० फुटांच्या थोडी वर, पाणी एक एकरभर पसरलेले. उन्हाळ्यामुळे निम्म्यावर आलेले. आपल्या वाचकांना हिशेबाची भाषा जवळची, म्हणून तो हिशेबच देतो. एक एकर पाणी सरासरी १० फूट खोल धरले तर ते सव्वा कोटी लिटरच्या घरात जाते. वजनाने १२ हजार टन. १० टनांचे १२०० ट्रक एकापाठोपाठ एक उभे केले तर जेवढा माल होईल, तेवढा माल मजुरांच्या खोल्यांच्या वर, मातीच्या भिंतीने धरून ठेवलेला. आपण पिण्याचे पाणी गाळून घेतो, उकळून घेतो, वेळेचा नियम पाळतो; या पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नव्हता.

मातीचे धरण मुख्यतः दोन वाटांनी जाते. पाणी माथ्यावरून वाहिले तर माती कापली जाते. दगडी वा काँक्रीटची भिंत काही काळ हे सोसते, माती सोसत नाही. दुसरी वाट आतली. भरावातून पाणी झिरपतेच, त्यात भय नाही. पण झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत नेऊ लागले की आत बोगदा तयार होतो आणि मग काही तासांत सारे संपते. म्हणून साहेबांचा पहिला प्रश्न गळते का, असा नव्हताच. त्यांनी गड्याला विचारले, ‘‘पावसाळ्यात खालून पाणी येतं, ते निवळ असतं का गढूळ?’’ गडी म्हणाला, ‘‘दोन वर्सं निवळ व्हतं. औंदा गाळ दिसला जरासा.’’ आप्तांपैकी कोणाला हे ठाऊक नव्हते, कारण गड्याला ते कोणी विचारले नव्हते.

भराव मूळचा जुन्या शेतकऱ्याने घातलेला, कमरेएवढा. आप्तांनी तो दोनदा वाढवला. ठेकेदाराने जे. सी. बी. आणला, जवळचा मुरूम उचलला, वर काळी माती टाकली. पद्धतशीर कामात काळी चिकण माती मधल्या गाभ्यात घालतात, कारण ती पाणी अडवते. मुरूम दोन्ही अंगांना, कारण तो वजन देतो आणि पाण्याचा निचरा करतो. प्रत्येक थर पातळ अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवून बसवावा लागतो. काळी माती बाहेरच्या अंगाला टाकली तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट आत शिरते. साहेबांनी एका भेगेत काठी घातली. ती तीन फूट गेली. ‘‘माती ओतली आहे, बसवली नाही,’’ एवढेच ते बोलले.

माथ्यावरून छत्रीपर्यंत मोटार नेता यावी म्हणून मधला उंचवटा सपाट केला होता. दोन्ही कडांना गुलमोहर लावले होते. झाड मेले की मुळाच्या जागी पोकळी राहते, आणि झाड जगले तर वाऱ्याने हलून माती सैल करते. तळ रिकामा करण्यासाठी पाइप नव्हता. ‘‘पाणी धरायचं, मग सोडायचं कशाला?’’ असे ठेकेदाराने सांगितले होते म्हणे. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जाण्याची वाट, ६ फूट रुंद. त्याच्या तोंडाशी बारीक लोखंडी जाळी.

जाळीचे कारण ऐकून मी थबकलो. तळ्यात मासे सोडले होते. पकडण्यासाठी नव्हे, अर्थातच. मुलांनी पिठाच्या गोळ्या घालाव्यात म्हणून. पुरात ते वाहून जाऊन दगडांवर मरू नयेत, यासाठी वहिनींनी आग्रहाने जाळी बसवून घेतली होती. जीवदयेचा भाव निर्मळ होता यात शंका नाही. पण पहिल्या पुरात त्या जाळीवर पाला, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि टोमॅटोच्या मांडवांच्या सुतळ्या येऊन बसणार, ६ फुटांचा सांडवा २ फुटांचा होणार, आणि पाणी माथ्याची वाट धरणार.

नेमके हेच पूर्वी घडलेले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन शहराच्या वर, साउथ फोर्क येथे एक मातीचे धरण होते. सरकारने ते कालव्याच्या पाण्यासाठी बांधले. रेल्वे आल्यावर कालवा निरुपयोगी झाला आणि धरण हातोहात विकले गेले. मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. पुढे १८७९ च्या सुमारास पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबने ते मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे सभासदांत होते. क्लबने पाइप पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या समोरासमोर जाता याव्यात म्हणून माथा थोडा खाली घेऊन रुंद केला. महागाचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसानंतर जाळ्या तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले, आणि सुमारे २ कोटी टन पाणी खोऱ्यातून शहरावर आले. २२०९ माणसे मेली. खटले झाले, क्लबला किंवा कोणा सभासदाला न्यायालयाने जबाबदार धरले नाही. धरण क्लबचे होते, आणि क्लब म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

साउथ फोर्कची जाळी माशांच्या किमतीसाठी होती, आमच्या आप्तांची माशांच्या जिवासाठी. पाला दोन्हींवर सारखाच अडकतो.

मालकीचा प्रश्न आमच्या आप्तांपुढेही तसाच उभा होता. जेवणापूर्वी सातबारा काढला. त्यावर ६ नावे: दोन भाऊ, त्यांची आई, एका भावाचा मुलगा, आणि जुन्या भागीदाराचे दोन वारस, ज्यांपैकी एक बेंगळुरूला असतो. विहिरीची नोंद होती, कूपनलिकेची होती. भरावाची नव्हती. ज्या ओढ्यावर तो घातला त्याची जमीन यांची, की सरकारची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि त्यांतले वाहते पाणी, कोणा व्यक्तीची मालकी सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाचे. म्हणजे भिंत आपली असली तरी ओढा आपलाच आहे, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय १८८२ चा सुखाधिकार कायदा खालच्या शेतकऱ्याचा नैसर्गिक प्रवाहावरचा हक्क मान्य करतो. पुणे जिल्ह्यातच, मोसे खोऱ्यात, लवासाच्या धरणावरून परवानगी, भाडेपट्टा, न्यायालय असे सारे रामायण झाले. पण त्या रामायणासाठी निदान कागद तरी होते.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी मालकालाही लागू होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटर उंची असून लांबी, साठा, पूर अशा काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागतो. आमच्या आप्तांचे धरण साडेसहा मीटर. कायद्याच्या उंबरठ्यापाशीही पोहोचत नाही. यावर थोरल्या भावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा साहेब हसून म्हणाले, ‘‘दादा, कायदा उंची मोजतो. खालच्या खोलीत झोपलेल्या माणसाला साडेसहा मीटर पुष्कळ झाले.’’ लहान मातीच्या धरणांसाठी भारतीय मानक १२१६९ आहे, १९८७ पासून; ते पाळण्याची सक्ती करायला कोणी येत नाही, एवढेच.

कोणी आले नाही तरी दिवाणी न्यायालय आहे, आणि त्याची आठवण व्यापाऱ्याला द्यावीशी वाटते. इंग्लंडमध्ये लँकेशायरात रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने १८६० मध्ये आपल्या जमिनीवर जलाशय बांधून घेतला. काम जाणकार ठेकेदाराकडे दिले. ठेकेदाराला तळाशी जुन्या खाणीची बुजलेली भुयारे लागली. त्याने ती नीट बंद केली नाहीत. जलाशय भरताच पाणी शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. रायलँड्सला यातले काहीच ठाऊक नव्हते. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच भरपाई द्यायला लावली: ज्याने निसर्गतः तेथे नसलेली धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवली, ती सुटून गेल्यास त्याने भरून द्यावे. ‘ठेकेदाराने केले’ हे उत्तर तेव्हापासून चालत नाही.

सहाच वर्षांनी भारतातील एका तळ्याचा दावा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रास इलाख्यात कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वेने रायलँड्सचा दाखला दिला. १८७४ चा निकाल मात्र जमीनदाराच्या बाजूने गेला. कारण हे तलाव प्राचीन होते, रयतेची शेती त्यांवर अवलंबून होती, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते आणि त्याने हयगय केल्याचे दिसत नव्हते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे होडी आणि झोपाळ्याच्या तळ्याला दुसऱ्या निकालाची ढाल किती मिळेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. माझा अंदाज फारसा आशादायक नाही. विदर्भातील मालगुजारांचे तलाव गावाच्या भातासाठी होते. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळी कोणी दुरुस्त करायच्या हा वाद सुरू झाला. तेथे निदान गावाला तलावाची गरज होती. शौकाच्या तळ्याला मालक कंटाळला की कोणीच उरत नाही.

जेवणाच्या वेळी थोरल्या भावांनी एक रास्त शंका काढली. सरकारी धरणेही फुटतातच की! फुटतात. पुण्यातील आपल्या पेढ्यांच्या वह्या १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पाण्यात गेल्या, ही आठवण घराघरांत आहे. ते धरणही मातीचे आणि अपुऱ्या बांधकामाचे होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून खालच्या वाडीतील वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हाच्या मंत्रिमहोदयांनी सांगितल्यावर महाराष्ट्र हसला आणि संतापला. खेकडे माती पोखरतात हे खोटे नाही. तक्रारीचा कागद ते पोखरत नाहीत. पण तिवऱ्यानंतर कोणाला विचारायचे हे लोकांना ठाऊक होते. खाते होते, अभियंता होता, मंत्री होता. केनियात नाकुरूजवळ सोलाई येथे ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी मळ्यातले मातीचे धरण फुटून चाळीसहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी मुले, मेली. लोक त्याला ‘पटेल धरण’ म्हणत. त्याला परवाना नव्हता, असे तेथील जल प्राधिकरणाने नंतर सांगितले. नंतर. आपल्याकडे ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. ते धरण नव्हते, पण भिजलेली माती किती वेळात जागा सोडते हे येथल्या माणसाला दुसरीकडून शिकायची गरज नाही.

दुपारी आम्ही भरावाची खालची बाजू पुन्हा पाहिली, आणि तेथे वारूळ निघाले. पुरुषभर उंच नव्हे, पण चांगले जुने. त्यावर हळद-कुंकू वाहिलेले; नागपंचमीला मजुरांच्या बायका पूजा करतात. वाळवीचे घर वर दिसते त्याहून आत मोठे असते. पोकळ्या आणि बोगद्यांचे जाळे भरावात दूरवर जाते. पाणी त्या पातळीला चढले की बोगदा आयताच मिळतो. शास्त्राप्रमाणे वारूळ खणून, पोकळी भरून, माती ठोकून घ्यायची. मजूर म्हणाले, देवाचे आहे, हात लावणार नाही. वहिनी म्हणाल्या, त्यात अनंत जीव आहेत, मी लावू देणार नाही. दोघांची कारणे निराळी, निर्णय एक. साहेब अडचणीत पडतील असे मला वाटले. त्यांनी काठीने वारुळाच्या पायथ्यापासून आडवी रेघ मनात धरली आणि म्हणाले, ‘‘वारूळ राहू द्या. पाणी खाली आणा.’’

म्हणजे सांडव्याचा उंबरा ५ फुटांनी खाली कापायचा आणि रुंदी ६ वरून २० फूट करायची, खडकापर्यंत. तळे लहान होईल. छत्री पाण्यापासून थोडी दूर पडेल. वाढीव मातीचा ताण जाईल, भेगांचा भाग कायम कोरडा राहील, पाणी वारुळाच्या पातळीला कधीच चढणार नाही. खालच्या अंगाला गढूळ पाणी आले तेथे वाळू, खडी आणि वर दगड असा गाळणीचा थर. पाणी जाईल, माती राहील. मोटारीसाठी सपाट केलेला माथा पुन्हा उंच. गुलमोहर, मोठे होण्याआधी, मुळासकट दुसरीकडे. जाळी काढायची. यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, तेव्हा साहेबच म्हणाले, ‘‘ताई, मासे गेले तर ओढ्यातून मीनेत जातील. पाण्यातून पाण्यात. धरण गेलं तर ते चिखलात राहतील.’’ त्या थोडा वेळ तळ्याकडे पाहत राहिल्या.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. मोठा पाऊस बहुधा रात्रीच गाठतो, आणि जुन्नरच्या शिवारात रात्री उसातून एकटे चालत बांधावर जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेला जाणे. गड्याने हे सांगितले तेव्हा त्याचा आवाज अगदी सहज होता. म्हणून ठरले ते असे: मजुरांच्या खोल्या दिवाळीपर्यंत उंचावर हलवायच्या, तोवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते कुटुंबांसह शेतघराच्या व्हरांड्याच्या खोल्यांत झोपतील. सांडव्याजवळ रंगाच्या रेघा असलेला खांब आणि घरातून दिसेल असा दिवा. पाणी तिसऱ्या रेघेला लागले की गड्याने कोणालाही न विचारता शेजारी आणि शाळेला फोन करायचा.

आणि कोणाला विचारायचे झाले तर? सहा नावांपैकी एक ठरवायला आम्हांला उरलेली सारी दुपार लागली. थोरले म्हणाले, धाकट्याला हौस आहे. धाकटे म्हणाले, जमीन आईच्या पैशाची. बेंगळुरूच्या वारसाला फोन लावला. तो म्हणाला, मला तर तळे आहे हेच ठाऊक नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवून निघायचे होते, म्हणून अखेर मुलाने, सर्वांत तरुणाने, माझे नाव लिहा असे सांगितले. मुद्रांकावर सहा जणांच्या सह्यांचा मसुदा झाला: भरावाची देखरेख, खर्चाची वाटणी, दरवर्षी रोहिणी नक्षत्राआधी तपासणी, आणि तलाठी कार्यालयात भरावाच्या नोंदीसाठी अर्ज. सांडव्याच्या भिंतीवर, सिमेंट ओले असताना, त्याचे नाव आणि फोन क्रमांक काढायचा असेही ठरले. साहेबांची ही सूचना होती; कुकडीच्या दारांवर खात्याचे नाव असते, म्हणाले, येथे तुमचे असू द्या.

मृग लागण्याच्या आठवड्यात आप्तांचा फोन आला. सांडव्याचे खोदकाम खडकाला लागले आहे. टोमॅटोवाल्या शेजाऱ्याने ओढ्यातला गाळ स्वतःहून काढून दिला. दोन कुटुंबे व्हरांड्यात आली आहेत, दोघांना अजून तेथे झोपायचा संकोच वाटतो. जाळी काढली का, असे मी विचारले. आज काढणार, ते म्हणाले. मुले पिठाच्या गोळ्या घालून आली की.